रजिस्टरे अनेक, मूल एक

दिवाळीची सुट्टी संपून मराठवाड्यातली जिल्हा परिषदेची शाळा पुन्हा भरते, तेव्हा वर्ग अर्धेमुर्धेच भरतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हे कोणाला नवे नाही. वेचणीला आलेला कापूस शेतात उभा असतो, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे घरातला प्रत्येक हात मोलाचा असतो. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो तशा ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि त्यांच्याबरोबर पोरेही जातात. या दिवसांत मुख्याध्यापकाच्या टेबलावर सहावीतल्या एका मुलीचा माग काढून पाहावा. हजेरीपत्रकात तिच्यापुढे आठ दिवस गैरहजेरीची खूण आहे. पोषण आहाराच्या नोंदवहीत ती लाभार्थ्यांच्या घटलेल्या आकड्यात विरून गेली आहे. वाचनाच्या चाचणीच्या तक्त्यात तिचा दुसरीतला भाऊ ‘अक्षर स्तरा’वर अडकला आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात तिच्या आईच्या नावापुढे सही नाही, कारण सभा दुपारी होती आणि आई शेतात. चार वह्यांतल्या या चार नोंदी वेगवेगळ्या दिसतात, पण कारण एकच आहे. आई वेचणीला गेली, मुलगी तान्ह्या भावंडाला सांभाळायला घरी राहिली, आणि दुसरीतल्या भावाला शाळेत आणणारे कोणी उरले नाही.

हे कारण शाळेतल्या प्रत्येकाला तोंडी माहीत असते, लिहिलेले मात्र कुठेच नसते. शाळेच्या नेतृत्वाबद्दल आज जे काही बोलले जाते, त्याचा खरा मुद्दा मला इथे दिसतो. मुख्याध्यापक, प्रभारी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी ही सगळी मंडळी मुळात शिक्षक असतात आणि वर्गात असताना मुलाकडे अखंड पाहण्याची सवय त्यांना असते. पद मिळाले की त्यांच्यासमोर मूल राहत नाही, त्याचे तुकडे येऊ लागतात. म्हणून साकल्याने विचार करणे हा काही थोड्या प्रतिभावंतांना लाभलेला स्वभावगुण आहे, किंवा प्रशिक्षणात भरायचा आणखी एक घटक आहे, ही समजूत चुकीची वाटते. ती कामाची एक रीत आहे. वेगवेगळ्या नोंदी एका वेळी शेजारी ठेवायच्या, त्यांच्यातला दुवा शोधायचा आणि शाळेच्या हातात असलेली एखादी गोष्ट त्यानुसार बदलायची. ही रीत कोणालाही जमते. तिला वेळ, अधिकार आणि सोबत लागते, आणि आपली व्यवस्था नेमक्या या तीनच गोष्टी देत नाही.

तुकडे कसे पडतात ते पाहणे उद्बोधक आहे. पोषण आहाराचा हिशेब एक अधीक्षक पाहतो, मुलांचे आधार क्रमांक जुळवण्याची घाई दुसऱ्या कक्षाला असते, यू-डायसची, म्हणजे शाळांच्या आकडेवारीच्या नोंदणीची, माहिती तिसऱ्याला हवी असते, गणवेश आणि बांधकाम चौथ्याकडे, गुणवत्तेचे तक्ते पाचव्याकडे. प्रत्येकाचा नमुना वेगळा, लिंक वेगळी, व्हॉट्सॲप ग्रुप वेगळा, आणि ‘आज दुपारी दोनपर्यंत माहिती सादर करावी’ हा निरोप मात्र सगळ्यांचा सारखा. यातले कोणतेही काम निरुपयोगी नाही. तांदळाचा हिशेब ठेवायलाच हवा, पटाची खोटी संख्या रोखायलाच हवी. पण माहिती शाळेतून वर जाताना विषयवार वाटली जाते आणि खाली येणारी तपासणीही त्याच वाटांनी येते. पोषण आहार तपासायला आलेला माणूस तांदूळ मोजतो, मुले कमी का जेवली हे विचारणे त्याच्या कामात बसत नाही. गुणवत्ता पाहायला आलेला माणूस मुलाला वाचायला लावतो, ते मूल गेला महिनाभर कुठे होते हे त्याच्या तक्त्यात नसते. वर्षानुवर्षे असे प्रश्न विचारले गेले की मुख्याध्यापकही त्याच कप्प्यांत विचार करू लागतो. त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याचे काम चांगले की वाईट हे त्या कप्प्यांवरूनच ठरते.

शाळेच्या नेतृत्वाला कोणी गांभीर्याने घेतलेच नाही, असेही नाही, आणि छत्रपती संभाजीनगरला तर या विषयात खास स्थान आहे. शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राज्य संस्था, शिक्षकांच्या तोंडी ‘मीपा’, याच शहरात आहे, आणि मुख्याध्यापक व अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हेच तिचे काम. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन विद्यापीठातल्या शालेय नेतृत्व केंद्राने देशभरासाठी जो अभ्यासक्रम आखला, त्यात सात क्षेत्रे आहेत : नेतृत्वाची दृष्टी, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम, समाजाशी भागीदारी आणि प्रशासन. २०१५ मध्ये त्याच विद्यापीठाने आणलेल्या ‘शाळासिद्धी’ या स्वयंमूल्यमापनातही सात क्षेत्रे आहेत आणि त्यांखाली ४६ मानके. संसाधनांपासून समाजाच्या सहभागापर्यंत शाळेचा एकही कोपरा यातून सुटलेला नाही. शाळेला केवळ निकालाच्या टक्क्यांवर तोलण्याच्या जुन्या खोडीपेक्षा ही चौकट कितीतरी उदार आहे. तरीही एक अडचण राहतेच. सगळे काही यादीत आले म्हणजे सगळ्याचा एकत्र विचार झाला, असे होत नाही. ४६ रकाने प्रामाणिकपणे भरणारा मुख्याध्यापकही रकाना क्रमांक ७ आणि रकाना क्रमांक ३१ यांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगू शकेलच असे नाही. तसे त्याला कोणी विचारलेलेही नसते.

ही शंका तर्काची नाही, तिला भक्कम पुरावा आहे. शाळांचे सर्वंकष मूल्यमापन करायचे, त्यावरून प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा बनवायचा आणि त्याचा नियमित पाठपुरावा करायचा, असा कार्यक्रम मध्य प्रदेश सरकारने मोठ्या प्रमाणावर राबवला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह या अर्थतज्ज्ञांनी त्याची शास्त्रशुद्ध चाचणी केली : काही शाळांत कार्यक्रम, काही तशाच शाळांत नाही, आणि मग दोहोंची तुलना. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कोणालाही विचार करायला लावेल असा आहे. मूल्यमापने झाली, आराखडे तयार झाले, ते वर सादरही झाले. पण शिक्षकांची उपस्थिती, शाळेचा कारभार, मुलांचे शिकणे यांपैकी कशातही फरक पडला नाही. कागद वेळेवर पोहोचतात म्हणून कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि त्याच धर्तीची योजना पुढे देशातल्या सहा लाखांवर शाळांत गेली. यावरून काही जण म्हणतील की शाळेच्या नेतृत्वावर खर्च करणेच व्यर्थ. तसा अर्थ काढणे घाईचे होईल. या प्रयोगाने फसवणूक उघडी पाडली ती आराखड्याची. शाळेकडे समग्रपणे पाहण्याची जबाबदारी नमुन्यावर सोपवली आणि माणसांच्या रोजच्या कामात काही बदलले नाही, तर नमुना भरला जातो आणि शाळा होती तिथेच राहते.

याच्या शेजारी शिकागोचा अनुभव ठेवावा. अँथनी ब्राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहरातल्या शेकडो प्राथमिक शाळांचा अनेक वर्षांचा अभ्यास करून २०१० मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. त्यांना शाळेचे पाच आधार दिसले : नेतृत्व, शिक्षकांची क्षमता, पालक-समाजाशी नाते, मुलांना शिकावेसे वाटेल असे वातावरण आणि अध्यापनाची सुसूत्र आखणी. यांतले बहुतेक आधार भक्कम असलेल्या शाळांत वाचन-गणितात भरीव सुधारणा होण्याची शक्यता दुबळ्या शाळांच्या सुमारे दहापट निघाली. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एखादा आधार दीर्घकाळ कच्चा राहिला तर बाकीच्यांवरची मेहनतही वाया जाऊ लागते. बाकीचे चार आधार जोडून ठेवणारा दुवा म्हणजे नेतृत्व. व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम करणारी मुख्याध्यापकाची कृती कोणती निघाली? शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सामील होणे. मुख्याध्यापकाच्या बाकीच्या कृती त्याच्या मागे राहिल्या. जो मुख्याध्यापक आपल्या शिक्षकांबरोबर बसून एका मुलाच्या वाचनाबद्दल बोलतो, त्याला ते मूल घरी कसे राहते, कशाने घाबरते, कधी जेवते हेही ओघाने कळते.

याच जिल्ह्यातले एक उदाहरण देशभर गाजले, पण भलत्याच कारणासाठी. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेची मुले जपानी शिकतात, ही बातमी २०२० च्या ऑक्टोबरात वृत्तसंस्थांनी दिली आणि ‘खेड्यातली पोरे जपानी बोलतात’ या नवलाईवरच ती संपली. तपशील वाचला तर गोष्ट वेगळी दिसते. २०१९ मध्ये शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले की कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल. अनेकांना यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाची ओढ होती, त्यातून जपानीचे नाव पुढे आले. शाळेकडे पुस्तक नव्हते, शिकवणारा नव्हता, धड रस्ताही नव्हता. इंटरनेट मात्र होते. शिक्षकांनी चित्रफिती आणि भाषांतराच्या ॲपवरून सुरुवात केली, पुढे शहरातल्या एका भाषातज्ज्ञाने विनामोबदला ऑनलाइन वर्ग घेतले. करोनाच्या काळात सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हते, तेव्हा ‘विषय मित्र’ ही युक्ती निघाली : ज्याने तास ऐकला त्याने तो इतरांना शिकवायचा. मुलांची आवड, हाताशी असलेले एकमेव साधन, गावाबाहेरचा माणूस आणि फोन नसलेली मुले या चार गोष्टी इथे एकाच विचारात आल्या. जपानी भाषा हे त्याचे फळ. दुसऱ्या गावातल्या शाळेने याचे अनुकरण म्हणून जपानीच सुरू केली तर तिच्या हाती फारसे काही लागणार नाही. तिने आपल्या मुलांना काय हवे हे विचारले, तर लागेल.

अनुकरणाचा हा धोका महाराष्ट्राने आधी अनुभवला आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात, तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामागे त्या कामाची प्रेरणा होती. त्यानंतर राज्यभर शाळांच्या फरशा रंगल्या. अक्षरे, अंक, आकृत्या जमिनीवर आल्या. मूळ ठिकाणी फरशीच्या आधी काही घडले होते. मुलाला शिक्षा आणि भीती यांपासून मोकळे करणे, शिक्षकांनी एकत्र बसून मूल कसे शिकते याचा विचार करणे, आणि हे सारे एका बीटमधल्या शाळांत मिळून होणे. जिथे फक्त रंग पोहोचला, तिथे तो दोन पावसाळ्यांत फिकट झाला.

या विचाराला पहिला आक्षेप असा घेतला जातो की आधी मुलांना वाचता येऊ द्या, साकल्य नंतर पाहू. आक्षेप घेणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा मजकूर वाचता येत नसेल, तर त्याच्या सर्वांगीण विकासाच्या गप्पा ही क्रूर थट्टाच होय. पण साकल्याने पाहणे म्हणजे सगळ्याच गोष्टी एकदम करायला घेणे नव्हे. उलट आज काय करू नये हे त्यातूनच ठरते. वर सांगितलेल्या दुसरीतल्या मुलासाठी जादा वाचनाचा तास ठेवून भागत नाही, कारण तो शाळेतच नाही. त्याला शाळेत आणणारी बहीण परत आली तर कदाचित जादा तासाची गरजही उरणार नाही. वाचन हेच पहिले ध्येय मानले, तर त्याच्या आड काय येते हे शोधणे त्या ध्येयाचाच भाग ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मुख्याध्यापक आहे कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत दीडशेहून जास्त मुले असतील तर मुख्याध्यापकाचे पद मिळते, आणि सहावी ते आठवीत शंभराहून जास्त असतील तर पूर्णवेळ. साठपर्यंत पटाच्या शाळेला शिक्षकच दोन. कन्नड-सोयगावच्या डोंगराकडच्या वस्तीवर किंवा वैजापूर-गंगापूरच्या कोरडवाहू गावांत अशाच शाळा जास्त. तिथे सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे ‘प्रभार’ असतो. तो दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवतो, मधल्या सुट्टीत खिचडीची चव घेतो आणि शाळा सुटल्यावर माहिती भरतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामे तर कायद्यानेच शिक्षकांना लागू ठेवली आहेत. अशा माणसाला ‘समग्र विचार करा’ असे परिपत्रक पाठवणे हा निव्वळ निर्दयपणा. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यातून निघतो तो निष्कर्ष शिक्षकाबद्दलचा नाही, रचनेबद्दलचा आहे. दोन शिक्षकी शाळेत विचाराची जागा शाळेच्या बाहेर, पण शाळेच्या जवळ असली पाहिजे.

ती जागा कागदोपत्री केव्हाची तयार आहे. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र, अशी ४,८६० केंद्रे राज्याने १९९४ मध्ये निर्माण केली आणि प्रत्येकाला एक केंद्रप्रमुख दिला. त्यामागचा विचार आणखी जुना. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ‘शाळासंकुला’ची कल्पना मांडली होती : एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षक आणि अनुभव वाटून घ्यावा. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. शिक्षणाचा प्रसार, दर्जा आणि समता यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही, हे त्यांनी जन्मभर मांडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संकुलाची कल्पना पुन्हा पुढे आणली आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. प्रत्यक्षात केंद्रप्रमुखांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, एकाकडे दोन-तीन केंद्रांचा भार आला, आणि जो अनुभव वाटायचा तो राहून केंद्रप्रमुख माहिती गोळा करून पुढे पाठवणारा टपालवाला झाला. दर महिन्याची शिक्षण परिषद ही केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसण्याची एकमेव हक्काची वेळ. तिचाही मोठा भाग सूचना वाचण्यात जातो.

तिसरा आक्षेप समाजाकडे बोट दाखवतो. दुष्काळ, स्थलांतर, बालविवाह हे शाळेने सोडवायचे प्रश्न आहेत का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हा आकडा एखाद्या मुख्याध्यापकाने कमी करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण कारण शाळेबाहेर असले तरी त्याचा जो धागा शाळेत येतो, तो तरी शाळेच्या हातात असतो. कापसाचा भाव शाळा ठरवत नाही, व्यवस्थापन समितीची सभा दुपारी घ्यायची की संध्याकाळी, हे मात्र ठरवते. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. त्या शेतात असतील तेव्हा सभा घेणे म्हणजे कायदा कागदावर पाळणे. अंगणवाडीच्या ताईंशी बोलून वेचणीच्या दोन महिन्यांत तान्ह्या भावंडांची काही सोय होते का, हे विचारता येते. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाला हंगामी वसतिगृहाची आणि शिक्षण हमी कार्डाची माहिती गाडी सुटण्यापूर्वी देता येते. वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात भाड्याची खोली बदलली की मूल शाळा बदलते. तिथे दोन मुख्याध्यापकांमधला एक फोन दाखल्याच्या कागदापेक्षा लवकर पोहोचतो. यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही. या सगळ्या एकाच प्रश्नाच्या बाजू आहेत, हे मात्र आधी दिसावे लागते.

शेवटचा आक्षेप निराशेचा : हे सारे माणसांवर अवलंबून. दत्तात्रय वारे गुरुजींनी पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीची शाळा गावाला बरोबर घेऊन नावारूपाला आणली, पुढे जालिंदरनगरच्या शाळेत गेल्यावर तिचेही नाव जगभर झाले. असा माणूस असला तर शाळा उभी राहते, नसला तर नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर एकच माणूस दोन वेगळ्या गावांत तेच करू शकला, यातून उलट गोष्ट सिद्ध होते. त्याच्याजवळ एक रीत आहे, आणि रीत शिकता येते. आपण पुरस्कार देताना माणसाचे कौतुक करतो आणि रीत नोंदवून ठेवायची विसरतो. बदली झाली की माणसाबरोबर शाळेची सारी समजही जाते आणि नव्या मुख्याध्यापकाला प्रभार-यादीत टेबल, खुर्च्या, कपाटाच्या किल्ल्या मिळतात. कोणत्या वस्तीतली मुले कोणत्या महिन्यात गळतात, कोणत्या पालकाचा शब्द गावात चालतो, ही माहिती मात्र हस्तांतरित होत नाही.

सुरुवात याच शहरातून व्हावी, असे म्हणायला म्हणूनच आधार आहे. राज्याच्या मुख्याध्यापकांना घडवणारी संस्था इथे आहे आणि तिच्या भोवती नऊ तालुक्यांत कापूस, ऊस, कारखाने आणि डोंगरवस्त्या अशी शाळांची सगळी रूपे आहेत. प्रशिक्षणात सात क्षेत्रांची सात सत्रे घेण्याऐवजी प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेतल्या तीन मुलांची सगळ्या वह्यांमधली नोंद आणावी आणि दिवसभर तेवढाच धागा उलगडावा. शिक्षण परिषदेतला पहिला तास सूचनांऐवजी अशा दोन मुलांना द्यावा. सूचना तशाही मोबाइलवर आलेल्या असतात. तपासणीला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने, तो कोणत्याही योजनेचा असो, आपल्या नमुन्याबाहेरचा एक प्रश्न विचारण्याची सक्ती व्हावी : हा आकडा असा का? आणि रिक्त केंद्रप्रमुखपदे भरण्याला कोणत्याही नव्या अभियानाच्या आधी निधी मिळावा. यातली शेवटची मागणी सोडली तर बाकीच्यांना शासन निर्णयाचीही गरज नाही. शिक्षक साकल्याने विचार करत नाहीत, ही तक्रार करण्यापूर्वी त्यांनी तसा विचार केला तर तो ऐकून घेणारे वर कोणी आहे का, याचे उत्तर शिक्षण विभागाने द्यायचे आहे.